पोलादी तारेत आवाज साठविणारा संशोधक
टेपरेकॉर्डरचे मूळ तत्त्व शोधणारे डॅनिश अभियंते व्हाल्डेमार पाउल्सेन यांच्या जीवनकार्याचा परिचय

घरातल्या कोनाड्यात मानाने मांडलेला टेपरेकॉर्डर, त्यात अडकलेली कॅसेटची फीत हलक्या हाताने सोडवून पेन्सिलीने पुन्हा गुंडाळण्याची धडपड आणि नको असलेल्या गाण्यावर हवे ते गाणे भरून घेण्याचा आनंद, या गोष्टी आज चाळिशी ओलांडलेल्या प्रत्येकाच्या स्मरणात असतील. ग्रामोफोन म्हटले की एडिसन, टेलिफोन म्हटले की बेल आणि बिनतारी संदेश म्हटला की मार्कोनी ही नावे शाळकरी मुलेही सांगतात. टेपरेकॉर्डरचा जनक कोण, या प्रश्नावर मात्र भलेभले गप्प होतात.

तो मान ज्यांच्याकडे जातो, त्या व्हाल्डेमार पाउल्सेन यांचे निधन १९४२ मध्ये झाले. त्यांचा देश डेन्मार्क तेव्हा जर्मन फौजांच्या ताब्यात होता आणि त्यांच्याच कल्पनेतून जन्मलेले यंत्र त्याच जर्मनीच्या नभोवाणी केंद्रांत पूर्णत्वाला पोहोचले होते. वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी लावलेला शोध जगाच्या उपयोगी पडायला चार दशके लागावीत आणि तोपर्यंत शोधकर्त्याचे नाव मागे पडावे, अशी ही कहाणी आहे.

न्यायाधीशांचा मुलगा, टेलिफोन कंपनीतला तंत्रज्ञ

पाउल्सेन यांचा जन्म २३ नोव्हेंबर १८६९ रोजी कोपनहेगन येथे झाला. वडील डेन्मार्कच्या सर्वोच्च न्यायालयात न्यायाधीश होते. घरचे वातावरण सुशिक्षित, प्रतिष्ठित आणि शिस्तीचे होते. मुलाचा ओढा मात्र कायद्याकडे नव्हता. पदार्थविज्ञान आणि रसायनशास्त्र हे त्याचे आवडीचे विषय होते. १८८९ ते १८९३ या काळात त्यांनी कोपनहेगन विद्यापीठात निसर्गविज्ञानाचे शिक्षण घेतले आणि त्यानंतर ते कोपनहेगन टेलिफोन कंपनीच्या तांत्रिक विभागात नोकरीला लागले.

टेलिफोन हे त्या काळातले नवलाईचे साधन होते. शहरोशहरी तारांचे जाळे विणले जात होते. तथापि या साधनात एक मोठी उणीव होती. पलीकडचा माणूस जागेवर नसेल तर बोलणाऱ्याचे शब्द वाया जात. पत्र वाट पाहू शकते, तार वाट पाहू शकते. टेलिफोनवरचा आवाज मात्र क्षणात विरून जातो. तो आवाज कोठेतरी थांबवून ठेवता आला, तर घरी परतलेल्या माणसाला आपल्या सवडीने निरोप ऐकता येईल, हा विचार पाउल्सेन यांच्या मनात घोळू लागला. पुढे सर्वत्र रूढ झालेल्या आन्सरिंग मशिनची ही मूळ कल्पना होय.

आवाज साठविण्याचे एक साधन तेव्हा उपलब्ध होते. एडिसन यांनी १८७७ मध्ये फोनोग्राफ तयार केला होता. त्यात आवाजाच्या कंपनांनी एक सुई हलत असे आणि ती मऊ पृष्ठभागावर खाच पाडीत असे. त्याच खाचेतून पुन्हा सुई फिरविली की आवाज ऐकू येई. पण प्रत्येक वेळी सुई घासली जाऊन खाच झिजत असे आणि टेलिफोनच्या तारेतून येणाऱ्या क्षीण विद्युतप्रवाहात सुईने खाच पाडण्याइतके बळ नव्हते. पाउल्सेन यांनी म्हणूनच वेगळा मार्ग धरला. टेलिफोनमध्ये आवाजाचे रूपांतर विजेत होते, विजेचे रूपांतर चुंबकत्वात करता येते आणि पोलाद चुंबकत्व धरून ठेवते. या तीन सर्वज्ञात गोष्टी त्यांनी एका साखळीत गुंफल्या.

भिंतीपासून भिंतीपर्यंत एक तार

१८९८ मधील त्यांचा प्रयोग आज वाचताना गमतीशीर वाटतो. खोलीच्या दोन भिंतींच्या दरम्यान पियानोला लावतात तशी पोलादी तार ताणून बांधलेली होती. तारेवरून घसरत जाईल अशा छोट्याशा गाड्याला एक विद्युतचुंबक बसविला होता आणि तो बॅटरी व टेलिफोनच्या मायक्रोफोनला जोडला होता. गाडा तारेवरून पुढे सरकत असताना मायक्रोफोनमध्ये बोलायचे. मग गाडा पुन्हा पहिल्या टोकाला आणायचा, मायक्रोफोनच्या जागी टेलिफोनचा ऐकण्याचा भाग जोडायचा आणि त्याच वेगाने गाडा पुन्हा सरकवायचा. तारेतून मघाचेच शब्द अस्फुटपणे ऐकू येत.

यामागील तत्त्व सोपे आहे. बोलण्याबरोबर विद्युतप्रवाह कमीजास्त होतो, त्यामुळे चुंबकाचे बळ कमीजास्त होते आणि त्याच्याखालून जाणाऱ्या तारेच्या प्रत्येक बिंदूवर त्या त्या क्षणाच्या आवाजाइतके चुंबकत्व मागे राहते. हीच तार पुन्हा चुंबकाच्या वेटोळ्याजवळून नेली की बदलत्या चुंबकत्वामुळे वेटोळ्यात प्रवाह निर्माण होतो. हा फॅरेडे यांचा विद्युतप्रवर्तनाचा नियम. तो प्रवाह टेलिफोनच्या पडद्याला हलवितो आणि आवाज पुन्हा जन्म घेतो. तारेवरून स्थिर प्रवाहाचा चुंबक फिरविला की सारे पुसले जाते आणि पाटी पुन्हा कोरी होते. आवाज भरणे, ऐकणे आणि पुसणे ही टेपरेकॉर्डरची तिन्ही कामे या पहिल्याच मांडणीत होती.

१ डिसेंबर १८९८ रोजी पाउल्सेन यांनी डेन्मार्कमध्ये पेटंटसाठी अर्ज केला. पुढच्या वर्षी त्यांनी अमेरिकेतही अर्ज दाखल केला आणि १३ नोव्हेंबर १९०० रोजी त्यांना तेथील पेटंट मिळाले. यंत्राला त्यांनी टेलिग्राफोन असे नाव दिले. अर्जात त्यांनी केवळ तारेचा उल्लेख केला नव्हता. पोलादी पट्टी आणि तबकडी यांबरोबरच, कागदासारख्या पदार्थाच्या पट्टीवर चुंबकीय धातूची भुकटी लावूनही हे काम साधता येईल, असे त्यांनी नोंदवून ठेवले होते. या नोंदीचे महत्त्व पुढे अनेक वर्षांनी जर्मनीतील न्यायालयात सिद्ध व्हायचे होते.

ही कल्पना सुचलेले पाउल्सेन हे पहिलेच नव्हते, हेही येथे सांगितले पाहिजे. अमेरिकेतील यंत्र अभियंते ओबर्लिन स्मिथ यांनी १८८८ मध्ये एका विद्युतविषयक नियतकालिकात लेख लिहून, दोऱ्यात पोलादाचे कण गुंफून त्यावर आवाज साठविता येईल, असे सुचविले होते. अखंड पोलादी तारेवर हे जमणार नाही, अशी त्यांना शंका होती आणि त्यांनी चालू यंत्र जगापुढे ठेवले नाही. जे होणार नाही असे स्मिथ यांना वाटले, ते पाउल्सेन यांनी करून दाखविले.

पॅरिसचे प्रदर्शन आणि सम्राटाचा आवाज

पेडर ओलुफ पेडरसन या हुशार अभियंत्याची साथ पाउल्सेन यांना याच सुमारास मिळाली. प्रयोगशील पाउल्सेन आणि गणितात निष्णात पेडरसन अशी ही जोडी जमली. भिंतीवरची तार आता पितळी नळकांड्यावर गुंडाळली गेली. नळकांडे फिरू लागले की चुंबक तारेच्या वेढ्यांवरून सरकत जाई. तारेचा वेग सेकंदाला सुमारे २ मीटर होता. साहजिकच मिनिटभराचेही बोलणे त्यात मावत नसे.

१९०० साली पॅरिस येथे भरलेल्या जागतिक प्रदर्शनात हे यंत्र मांडण्यात आले आणि त्याला सर्वोच्च पारितोषिक मिळाले. खाचा नाहीत, सुईची खरखर नाही आणि तरीही तारेतून माणूस बोलतो, हे पाहून जाणकारही चकित झाले. ऑस्ट्रियाचे सम्राट फ्रान्झ जोसेफ यांनी या यंत्रात काही शब्द बोलून शोधाबद्दल कुतूहल व्यक्त केले आणि प्रात्यक्षिकाबद्दल आभार मानले. ती तार आजही डेन्मार्कच्या तंत्रविज्ञान संग्रहालयाने जपून ठेवली आहे. आज उपलब्ध असलेले हे सर्वांत जुने चुंबकीय ध्वनिमुद्रण मानले जाते.

यश हाताशी आले आणि निसटले

पॅरिसच्या यशानंतर टेलिग्राफोन बाजारात धडाक्याने येईल अशीच अपेक्षा होती. १९०३ मध्ये अमेरिकेत अमेरिकन टेलिग्राफोन कंपनी स्थापन झाली. कचेरीत मजकूर सांगण्यासाठी आणि टेलिफोनवरील संभाषण नोंदविण्यासाठी या यंत्राचा उपयोग होईल, असे सांगून भांडवल गोळा करण्यात आले. एका रिळावरून दुसऱ्या रिळावर तार गुंडाळली जाईल आणि अर्धा तास बोलणे साठविता येईल अशी यंत्रेही तयार झाली.

प्रत्यक्षात फारच थोडी यंत्रे विकली गेली. त्याचे सर्वांत मोठे कारण आवाजाचा क्षीणपणा हे होते. तारेतून निघणारा प्रवाह इतका दुर्बळ असे की आवाज केवळ कानाला लावलेल्या टेलिफोनमधूनच ऐकू येई. तो वाढविण्याचे कोणतेही साधन तेव्हा अस्तित्वात नव्हते. एडिसनचा फोनोग्राफ भोंग्यातून खोलीभर ऐकू येत असे, त्यापुढे हे यंत्र फिके पडले. बारीक तार गुंतत असे, तुटत असे आणि फिरताना पीळ घेत असे. पीळ बसला की चुंबकासमोर तारेची भलतीच बाजू येई आणि आवाज दबे. त्यात कंपनीच्या कारभाराचे वाभाडे निघाले, भागधारक नाराज झाले आणि अखेरीस कंपनी बुडाली.

पाउल्सेन आणि पेडरसन यांनी दरम्यान एक महत्त्वाची सुधारणा केली होती. पोलाद चुंबकीय प्रभाव सरळ हिशेबाने स्वीकारीत नाही. दुर्बळ प्रवाहाला ते जवळजवळ दाद देत नाही आणि प्रबळ प्रवाहाने लवकरच तृप्त होते. त्यामुळे हळू स्वर हरवतात आणि मोठे स्वर फाटतात. आवाजाच्या प्रवाहात थोडासा स्थिर प्रवाह मिसळला, तर पोलादाला मधल्या, तुलनेने सरळ टप्प्यात काम करायला लावता येते, हे या दोघांनी शोधले. १९०७ मध्ये त्यांना त्याचे अमेरिकी पेटंट मिळाले. बायस या नावाने ध्वनितंत्रज्ञ आजही जे ओळखतात, त्याचा हा प्रारंभ होता.

गाणारी ठिणगी

टेलिग्राफोन अपयशी ठरला म्हणून पाउल्सेन स्वस्थ बसले नाहीत. किंबहुना हयातीत त्यांना जी कीर्ती मिळाली ती मुख्यतः दुसऱ्याच शोधामुळे मिळाली. इंग्लंडचे विल्यम डडेल यांनी १९०० च्या सुमारास दाखवून दिले होते की, दोन कार्बन कांड्यांमधील विजेच्या कमानीला विशिष्ट मंडल जोडले तर ती स्वर काढू लागते. पण ही कंपने बिनतारी संदेशासाठी फारच मंद होती. पाउल्सेन यांनी ती कमान हायड्रोजनयुक्त वायूत ठेवली, एका बाजूला पाण्याने थंड केलेले तांबे वापरले आणि तिच्यावर प्रबळ चुंबकीय क्षेत्र लावले. १९०३ पर्यंत त्यांनी सेकंदाला लाखाहून अधिक कंपने देणारी अखंड रेडिओ लहर मिळविली.

त्यावेळचे बिनतारी संदेश ठिणग्यांच्या तुटक कडकडाटावर चालत. अखंड लहरीमुळे संदेश स्वच्छ झाले आणि तारेविना मानवी आवाजही पाठविता येऊ लागला. कोपनहेगनजवळील लिंग्बी येथे त्यांनी केंद्र उभारले. अमेरिकेत सिरिल एल्वेल या तरुण अभियंत्याने पाउल्सेन यांचे हक्क विकत घेऊन १९०९ मध्ये कॅलिफोर्नियात कंपनी काढली, तीच पुढे फेडरल टेलिग्राफ कंपनी झाली. अमेरिकी नौदलाने पाउल्सेन कमानीची मोठमोठी केंद्रे उभारली. फ्रान्समध्ये बोर्दोजवळ १९२० मध्ये पूर्ण झालेल्या केंद्राची कमान तर तब्बल १,००० किलोवॉट क्षमतेची होती. १९०७ मध्ये डेन्मार्कच्या राजकीय विज्ञान संस्थेचे सुवर्णपदक आणि १९०९ मध्ये लायपझिग विद्यापीठाची सन्माननीय डॉक्टरेट पाउल्सेन यांना मिळाली.

येथे इतिहासाने एक विलक्षण योग घडवून आणला. याच फेडरल कंपनीच्या पालो आल्टो येथील प्रयोगशाळेत १९१२ मध्ये ली डी फॉरेस्ट यांनी आपली निर्वात नलिका प्रवर्धक म्हणून, म्हणजे क्षीण प्रवाह वाढविणारे साधन म्हणून, वापरून दाखविली. टेलिग्राफोनचा आवाज या नलिकेने वाढविण्याचे प्रयोगही त्यांनी केले. ज्या साधनाअभावी पाउल्सेन यांचा पहिला शोध खुंटला, ते साधन त्यांच्या दुसऱ्या शोधावर उभ्या राहिलेल्या कंपनीत घडले. आणि त्याच नलिकेने १९२० च्या दशकात पाउल्सेन यांच्या कमानीला कालबाह्य ठरविले.

तारेची फीत होते

चुंबकीय ध्वनिमुद्रणाचे पुनरुज्जीवन जर्मनीत झाले. कुर्ट स्टिले यांनी १९२० च्या दशकात प्रवर्धक जोडून तारेची सुधारित यंत्रे केली. त्यांच्या पेटंटवर आधारलेले पोलादी पट्टीचे यंत्र १९३० च्या दशकाच्या आरंभी बीबीसीने वापरात आणले. सेकंदाला दीड मीटर वेगाने धावणारी ती पोलादी पट्टी तुटली तर जवळच्या माणसाला इजा होण्याची भीती असे आणि तुटलेली पट्टी सांधण्यासाठी ती जोडकामाच्या यंत्राखाली धरावी लागे.

यावरचा तोडगा फ्रिट्झ फ्लॉयमर यांनी काढला. सिगारेटच्या टोकाशी असलेल्या सोनेरी पट्टीसाठी कागदावर धातूची भुकटी बसविण्याचे तंत्र त्यांनी विकसित केले होते. तेच तंत्र वापरून १९२८ मध्ये त्यांनी कागदी पट्टीवर लोहाची भुकटी चिकटविली. ही फीत हलकी आणि स्वस्त होती. कात्रीने कापावी आणि डिंकाने जोडावी, इतकी ती सोपी होती. एईजी या कंपनीने १९३२ मध्ये त्यांच्याशी करार केला. बीएएसएफने कागदाऐवजी सेल्युलोज अॅसिटेटची फीत बनविली, एडुआर्ड श्युलर यांनी फितीला न ओरखडणारे कड्याच्या आकाराचे हेड तयार केले आणि १९३५ च्या बर्लिन रेडिओ प्रदर्शनात मॅग्नेटोफोन हे यंत्र जगापुढे आले.

१९३६ मध्ये जर्मन न्यायालयाने फ्लॉयमर यांचे पेटंट रद्दबातल ठरविले. भुकटी लावलेल्या पट्टीची कल्पना पाउल्सेन यांच्या मूळ पेटंटमध्ये आधीच अंतर्भूत आहे, असा निर्वाळा न्यायालयाने दिला. सदतीस-अडतीस वर्षांपूर्वी लिहून ठेवलेल्या त्या ओळींचे हे उशिराचे समर्थन होते. अर्थात तोपर्यंत मूळ पेटंटची मुदत केव्हाच संपलेली होती, त्यामुळे त्याचा आर्थिक लाभ पाउल्सेन यांना होण्याचा प्रश्नच नव्हता. फ्लॉयमर यांचे श्रेयही या निकालाने कमी होत नाही. पाउल्सेन यांनी शक्यता नोंदविली होती, फ्लॉयमर यांनी ती प्रत्यक्षात आणली.

शेवटची कसर १९४० मध्ये भरून निघाली. बर्लिनच्या नभोवाणीत वॉल्टर वेबर यांच्या यंत्रातील एक प्रवर्धक बिघाडामुळे आपोआप उच्च कंपनांचा प्रवाह निर्माण करू लागला आणि मुद्रित आवाज अचानक कमालीचा स्वच्छ झाला. पाउल्सेन यांच्या स्थिर प्रवाहाऐवजी कानाला ऐकू न येणारा, अतिजलद उलटसुलट होणारा प्रवाह मिसळला की फितीची खरखर जवळजवळ नाहीशी होते, हे त्यातून कळले. अमेरिकेत ही युक्ती १९२० च्या दशकातच पेटंट झालेली होती, पण तिच्याकडे कोणाचे लक्ष गेले नव्हते.

युद्धानंतर अमेरिकी सैन्यातील अभियंते जॅक मलिन यांनी दोन मॅग्नेटोफोन यंत्रे आणि फितींची ५० रिळे मायदेशी नेली. १९४६ मध्ये सान फ्रान्सिस्को येथे त्यांनी दिलेले प्रात्यक्षिक गाजले. गायक बिंग क्रॉसबी यांनी आपला रेडिओ कार्यक्रम फितीवर मुद्रित करून घेण्यास प्रारंभ केला आणि १९४८ मध्ये अँपेक्स कंपनीची यंत्रे बाजारात आली. नेदरलँड्सच्या फिलिप्सने १९६३ मध्ये कॅसेट आणली. तिची फीत सेकंदाला अवघी ४.७६ सेंटिमीटर सरकते. पाउल्सेन यांच्या तारेवर सेकंदाला एक हजार कंपनांच्या स्वराची एक लहर सुमारे २ मिलिमीटर जागा व्यापीत असे. कॅसेटवर दहा हजार कंपनांच्या स्वराची लहर मिलिमीटरच्या दोनशेव्या हिश्शाहूनही कमी जागेत बसते. सूक्ष्म कणांची फीत आणि अतिशय अरुंद फट असलेले हेड यांमुळेच हे शक्य झाले.

आपल्याकडेही या फितीने मोठे काम केले. अनेक बुजुर्ग गायकांच्या खासगी मैफली रसिकांनी स्पूलवर टिपून ठेवल्या म्हणूनच त्या पुढच्या पिढीला ऐकता आल्या. १९८० च्या दशकात स्वस्त झालेल्या कॅसेटने भजने, पोवाडे, लोकगीते आणि पु. ल. देशपांडे यांचे कथाकथन घरोघरी पोहोचविले.

उरलेला वारसा

पाउल्सेन यांच्या सत्तराव्या वाढदिवसाच्या वर्षी, १९३९ मध्ये, डेन्मार्कमध्ये त्यांच्या नावाने रेडिओ तंत्रज्ञानासाठी सुवर्णपदक सुरू झाले. ९ एप्रिल १९४० रोजी जर्मनीने डेन्मार्क व्यापला आणि दोन वर्षांनी वयाच्या ७२ व्या वर्षी पाउल्सेन यांचे निधन झाले. १९६९ मध्ये जन्मशताब्दीनिमित्त त्यांच्या देशाने त्यांचे टपाल तिकीट काढले. तोपर्यंत कॅसेट जगभर पसरू लागली होती.

कॅसेटचा जमाना आता सरला आहे. चुंबकीय नोंदीचे तत्त्व मात्र संगणकाच्या हार्ड डिस्कमध्ये आणि मोठ्या माहितीसाठ्यांच्या फितींमध्ये आजही कार्यरत आहे. जुन्या ध्वनिफितींची अवस्था मात्र चिंतेची आहे. १९७० आणि १९८० च्या दशकांतील अनेक फितींमधील कण धरून ठेवणारा चिकट थर हवेतील ओलाव्याने विघटित होतो. फीत हेडला चिकटते आणि तिच्यावरचा लेप खरवडून निघतो. मंद उष्णतेवर तासन्‌तास वाळवून मगच अशा फिती काही काळापुरत्या वाजविता येतात आणि तेवढ्या अवधीत त्यांची डिजिटल प्रत करून घ्यावी लागते. मुंबईसारख्या दमट हवेच्या शहरात माळ्यावर पडलेल्या फितींच्या बाबतीत तर ही निकड अधिकच आहे.

सव्वाशे वर्षांपूर्वी पोलादी तारेवर टिपलेला सम्राटाचा आवाज मात्र अजून ऐकू येतो. तार गुंतते, तुटते, पीळ घेते म्हणून जगाने ती टाकून दिली होती. टिकाऊपणाच्या परीक्षेत मात्र पाउल्सेन यांची ती पहिली तार आपल्यानंतरच्या कितीतरी फितींना मागे टाकून उरली आहे.